छोटा ऑल-इन-वन रीफ टँक निवडताना आधी मागचे कप्पे बघा

रीफ टँक, म्हणजे घरातला मासे-प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, बघायला गेलं की नजर पुढच्या काचेवरच खिळते. माझीही तशीच खिळली होती. काच नितळ, कडा सुबक, वर निळा दिवा, आणि मागे एक काळी भिंत, तिच्यामागे काय आहे ते मी नीट वाकूनही पाहिलं नाही. दोन महिन्यांनी पाणी फिरवणाऱ्या रिटर्न पंपात शंख अडकला, पंप थांबला आणि तेव्हा कळलं की मागच्या कप्प्यात माझा हात मनगटापुढे जातच नाही. लांब चिमट्याने वायर धरून पंप वर ओढला, तशी नळी निसटून खाली गेली. ती परत बसवेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. तेवढा वेळ टँकमधलं पाणी निश्चल होतं आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते.

तेव्हापासून कुणी विचारलं, ‘कुठला टँक घेऊ?’ की मी एकच सांगते: आधी पाठ बघा. पुढची बाजू सगळ्याच कंपन्या छान करतात. टँक तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देणार की जीव मेटाकुटीला आणणार, हे त्या काळ्या भिंतीमागच्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये ठरतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑल-इन-वन म्हणजे एकाच काचेच्या पेटीत पुढे मासे-प्रवाळांची जागा आणि मागे गाळणीचे दोन-तीन कप्पे. पाणी वरच्या कडेच्या फटींतून मागे उतरतं. या फटींना ‘दात’ म्हणतात. मग ते एकेका कप्प्यातून जात शेवटच्या कप्प्यातल्या रिटर्न पंपाने पुन्हा पुढे येतं. मोठ्या रीफ टँकला खाली वेगळा संप, म्हणजे गाळणीची पेटी, असते, त्यासाठी काचेला भोक, पाइप, कपाट असा सगळा पसारा लागतो. इथे तो नाही. वीज गेली तरी पाणी त्याच पेटीत खाली-वर होतं, जमिनीवर येत नाही. नवशिक्यासाठी हा फायदा फार मोठा आहे.

पायरी १: आत कोण राहणार ते आधी ठरवा

टँक आधी आणि जीव नंतर, असा क्रम लावला की पुढे ओढाताण होते. छोट्या टँकमध्ये छान राहणारे मासे भरपूर आहेत: ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, फायरफिश, रॉयल ग्रामा, टेलस्पॉट ब्लेनी, निऑन गोबी. पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहणारा गोबी तर तासन्‌तास बघत बसावा असा. कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती वाळू उपसत राहते, मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, आणि कोळंबीची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते. मासा दचकला की ती क्षणात आत.

निळा टँग मात्र नको. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पण पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि त्याला पोहायला लांब जागा लागते. मँडरिन मासाही सुरुवातीला नको. तो कोपेपॉड नावाचे बारीक जीव दिवसभर टिपत खातो, आणि छोट्या नव्या टँकमध्ये ते पुरत नाहीत. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोनी, निदान सहा-आठ महिने टँक स्थिर होईपर्यंत टाळा. ते जागा बदलतं आणि फिरता फिरता पंपात ओढलं जातं. एकदा ते पंपात फाटलं की सगळं पाणी नासतं.

प्रवाळांत झोअँथिड, मशरूम, लेदर हे मऊ प्रकार सुरुवातीला बरे. मग डंकन, हॅमर यांसारखे मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक छोटा तोंडाचा जीव). अक्रोपोरासारखे छोट्या पॉलिपचे प्रवाळ दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका, कारण ती वाफ श्वासात जाते.

आणखी एक गोष्ट इथेच. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. काही देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक असतात. तुमच्याकडे काय पाळायला परवानगी आहे हे टँक घेण्याआधी तपासा. मासे शक्य तितके पैदाशीचे घ्या. क्लाउनफिशची पैदास कित्येक वर्षं यशस्वीपणे होते आहे आणि ते मासे तयार खाणंही लवकर स्वीकारतात.

पायरी २: किती लिटर?

टँक छोटा तर काम कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. हिशोबच बघा. खाऱ्या पाण्यातून उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. ४० लिटरच्या टँकमधून एक लिटर उडालं तर क्षारता (हजार भागांत मिठाचे किती भाग) ३५ वरून जवळपास ३५.९ वर जाते. १०० लिटरच्या टँकमधून तेवढंच उडालं तर ३५.३५. तापमान, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया, सगळ्याचं असंच. पाणी जितकं कमी तितकी चूक सावरायला वेळ कमी.

माझ्या मते पहिल्या टँकसाठी ७५ ते १०० लिटर हा टप्पा उत्तम. ५० लिटरच्या खाली जायचं असेल तर मासा एखादाच, किंवा फक्त प्रवाळ आणि कोळंब्या ठेवायची तयारी हवी. २०-३० लिटरचे टँक देखणे असतात, पण ते अनुभवी हातांसाठी.

खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. त्यात मागचे कप्पेही मोजलेले असतात. आतून लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. दगड आणि वाळू गेल्यावर ८० लिटरच्या टँकमध्ये खरं पाणी ६५ लिटरच्या आसपास उरतं. औषध, मीठ, सगळे डोस याच आकड्यावर द्यायचे असल्याने तो लिहून ठेवा.

उंचीपेक्षा रुंदीला महत्त्व द्या. उंच, अरुंद टँकमध्ये दगड रचायला जागा मिळत नाही, तळापर्यंत उजेड कमी पोहोचतो आणि वाळूपर्यंत हात नेताना खांदा भिजतो. पुढून मागे निदान ३५-४० सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर दगडांच्या मागून पाणी खेळतं, घाण साचत नाही.

पायरी ३: जागा

खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, लिटरला सुमारे १.०२५ किलो. काच, दगड, वाळू, स्टँड धरून ८० लिटरचा टँक सव्वाशे किलोच्या घरात जातो. साधं टेबल नको. पृष्ठभाग अगदी समतल हवा. रिमलेस, म्हणजे चौकट नसलेल्या टँकखाली फोमची चटई टाकतात, पण ज्या टँकच्या तळाला प्लास्टिकची चौकट असते त्याखाली टाकत नाहीत. बनवणाऱ्याच्या सूचना वाचून ठरवा. थेट ऊन येणार नाही, एसीचा झोत अंगावर येणार नाही अशी जागा बघा. आणि मागे हात घालायला, वायरी फिरवायला दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडा. प्रत्येक वायर प्लगाच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगात न जाता खाली गळेल.

पायरी ४: आता पाठ

दुकानात टँक दिसला की झाकण उचला आणि मागच्या प्रत्येक कप्प्यात हात घाला. खरोखर घाला, बाही वर करून. तळापर्यंत बोटं पोहोचत नसतील तर तो पंप तुम्ही कधीच नीट साफ करू शकणार नाही. आणि पंप दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून व्हिनेगरच्या पाण्यात ठेवावाच लागतो, नाहीतर त्याच्या चक्रीवर चुन्याचा थर चढतो.

मग पाण्याची वाट बघा. पहिल्या कप्प्यात दातांमधून पाणी येतं. हे दात वरच्या कडेला असले पाहिजेत, कारण पृष्ठभागावर प्रथिनांचा तेलकट पापुद्रा धरतो आणि तो तिथूनच ओढला जातो. पापुद्रा राहिला की उजेड अडतो आणि हवेची देवाणघेवाण मंदावते. दातांमधली फट किती आहे? करंगळी जात असेल तर छोटा गोबी आणि शंख नक्की मागे जाणार. तशी फट असेल तर जाळी लावायची सोय आहे का बघा.

पहिल्या कप्प्यात फ्लॉस, म्हणजे गाळणीचा कापूस, किंवा कापडी पिशवी बसते. ती वर उचलून काढता यावी, टोपलीसकट. दोन-तीन दिवसांनी बदलायची वस्तू असल्याने ती काढायला स्क्रू उघडावे लागत असतील तर आठवड्याभरात तुम्ही कंटाळाल. टोपली आणि कप्प्याच्या भिंतीत अंतर नको. पाणी नेहमी सोपी वाट धरतं, फट असेल तर ते फ्लॉसला वळसा घालून जातं आणि फ्लॉस कोरा दिसत राहतो.

मधल्या कप्प्यात सिरॅमिक किंवा लाइव्ह रॉकचे (जिवाणू वसलेल्या दगडाचे) तुकडे, कार्बन, किंवा छोटा स्किमर, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र, बसतो. कप्प्याची आतली लांबी-रुंदी मोजून ठेवा. नंतर स्किमर घ्यायचा झाला तर अर्ध्या सेंटिमीटरने अडतो. पहिल्या वर्षी मासे कमी असतील आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणार असाल तर स्किमर नसला तरी चालतं.

सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा, पंपाचा कप्पा. पुढच्या भागातली पातळी दातांनी बांधलेली असते, म्हणून पाणी उडालं तरी पुढे काहीच कमी दिसत नाही. सगळी घट या एका छोट्या कप्प्यात दिसते. समजा हा कप्पा १२ बाय १० सेंटिमीटरचा आहे आणि पंपाच्या तोंडापर्यंत पातळी ८ सेंटिमीटर उतरू शकते. म्हणजे तुमच्याकडे उडायला ९६० मिलिलिटर, एक लिटरही नाही. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या उघड्या टँकमधून कोरड्या दिवसांत दिवसाला तेवढं पाणी सहज जातं. एक दिवस बाहेरगावी राहिलात की पंप हवा ओढायला लागतो. आधी घुर्रर्र असा आवाज, मग पुढच्या भागात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे, आणि मग पंप कोरडा.

म्हणून पंपाचा कप्पा जितका ऐसपैस तितका चांगला, आणि त्यात ऑटो टॉप-ऑफचा सेन्सर बसवायला जागा हवी. हे यंत्र पातळी उतरली की बाजूच्या डब्यातून गोडं पाणी घालतं. गोडंच, खारं नव्हे. अंगठ्याएवढा सेन्सर असतो, पण पंप, नळी आणि हीटर एकाच कप्प्यात कोंबले की तोही मावत नाही. माझ्या यादीत दिवा आणि स्किमर दोन्हींच्या आधी ऑटो टॉप-ऑफ येतो.

हीटर या कप्प्यात ठेवायचा मोह टाळा. पातळी उतरली आणि तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते. जिथे पातळी कायम राहते त्या मधल्या कप्प्यात तो ठेवा. त्यासाठी कप्प्याची उंची मोजा, कारण बरेच हीटर कप्प्यापेक्षा लांब निघतात. शक्ती ढोबळमानाने लिटरला एक वॅट. खोली उष्ण असेल तर प्रश्न उलटा असतो: पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला पृष्ठभागावर छोटा पंखा लागतो, आणि पंख्याने बाष्पीभवन आणखी वाढतं. पुन्हा आपण ऑटो टॉप-ऑफपाशीच येतो.

पायरी ५: दिवा, झाकण, काच

बाजारात दोन घराणी आहेत. फ्लुवलचा इव्हो किंवा कोरालाइफचा बायोक्यूब यांत दिवा झाकणातच बसवलेला असतो. इनोव्हेटिव्ह मरीनचे न्यूव्हो फ्यूजन वरून उघडे असतात, दिवा तुमच्या पसंतीचा लावायचा. रेड सीचा मॅक्स नॅनो त्या मधला, उघडा पण जवळपास सगळं सामान सोबत. झाकणातला दिवा मऊ प्रवाळांना सहसा पुरतो, पण पुढे जास्त उजेड हवा झाला तर बदलणं अवघड जातं. उघड्या टँकला दिवा हवा तसा, पण खर्च वेगळा.

उजेड ‘पार’ने मोजतात, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाच्या मापाने. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात, अक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतात. प्रवाळांच्या पेशींत राहणारं शैवाल निळ्या उजेडावर उत्तम चालतं, म्हणून रीफचे दिवे निळसर असतात. केवळ वॅट बघून दिवा घेऊ नका.

मासे उड्या मारतात. फायरफिश तर हमखास. उघड्या टँकला बारीक जाळीचं झाकण लावाच. पूर्ण काचेचं झाकण टाळा, त्याने उष्णता कोंडते आणि पाणी व हवा यांची देवाणघेवाण कमी होते.

कमी लोह असलेली काच जास्त नितळ दिसते. ॲक्रिलिक हलकं असतं, पण वाळूचा एक कण पुसायच्या चुंबकात अडकला तरी कायमचा ओरखडा. वापरलेला टँक घेत असाल तर सांध्यांतलं सिलिकॉन नखाने दाबून बघा, आणि आधी त्यात तांब्याचं औषध घातलं होतं का ते विचारा. दगड तांबं शोषतात आणि पुढे सोडत राहतात. कोळंब्या, शंख, प्रवाळ यांना ते मारक. असे दगड फुकट मिळाले तरी नकोत.

पायरी ६: टँकसोबत आणखी काय

रिटर्न पंपाने तासाला टँकच्या पाच ते दहा पट पाणी फिरतं. प्रवाळांना याहून जास्त, वीस-तीस पट हालचाल लागते, म्हणून एक छोटा वेव्हमेकर. पाण्यासाठी आरओ-डीआय, म्हणजे क्षार काढून टाकणारी गाळणी, आणि टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं माप) शून्य. नळाच्या पाण्यातल्या नायट्रेट, फॉस्फेट आणि तांब्याशी नंतर भांडण्यापेक्षा हे सोपं. मीठ समुद्री ॲक्वेरियमचंच, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, डब्यावर असेल त्याप्रमाणे. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवायला ३५ चं प्रमाण द्रावण. अमोनिया, नायट्रेट आणि अल्कलिनिटीचे किट. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद, ८-९ डीकेएचवर (हे तिचं एकक) स्थिर राहिली की प्रवाळ खूश असतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमची चिंता कठीण प्रवाळ वाढायला लागल्यावर करा, तोवर पाणी बदलण्यातूनच ते मिळतं.

पायरी ७: मीठ घालण्याआधी एकदा साधं पाणी

टँक घरी आला की लगेच वाळू-दगड घालू नका. ठरलेल्या जागी ठेवून साध्या पाण्याने भरा आणि पंप चालू करून दोन दिवस तसाच सोडा. सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा, ओल असेल तर लगेच कळते. पंप बंद करून पुढची पातळी किती उतरते आणि मागची किती चढते ते बघा. परत चालू करा, पाणी स्वतःहून पहिल्यासारखं फिरायला लागलं पाहिजे. रात्री त्याच खोलीत बसून आवाज ऐका. दातांवरून पडणाऱ्या पाण्याचा खळखळाट दिवसा जाणवत नाही, पण झोपेच्या वेळी जाणवतो. पंपाचा वेग कमी केला की बहुतेकदा तो थांबतो.

आणि पंपाच्या कप्प्यावर बाहेरून कागदी टेपची पट्टी लावा. सकाळी पातळीला पेनने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मापाच्या भांड्याने पाणी घालत रेघेपर्यंत या. जितके मिलिलिटर लागले तितकं तुमच्या घरात दिवसाला उडतं. त्याला सात किंवा दहाने गुणा. तेवढ्या मापाचा डबा ऑटो टॉप-ऑफसाठी घ्या, मग हे पाणी उपसून दगड रचायला लागा. मासा मात्र अमोनिया चढून जिवाणूंमुळे पुन्हा शून्यावर आल्यानंतरच, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात.